ज्याचा ठोसा खाल्ला, त्याचाच नंबर

मे महिना सरत आला की फळबाजाराचा वास बदलतो. मार्चमध्ये तिथं हापूसचा वास असतो तो कोवळा, थोडा चिकाचा, थोडा पेटीतल्या गवताचा आणि भाव चढा असल्यामुळे थोडा तोऱ्यातलाही. मे संपताना तोच वास जड होतो, आंबूस गोड होतो आणि गाळ्यांच्या फरशीला चिकटून बसतो. मी राहते उलव्याला, सातव्या मजल्यावर. तुर्भ्याच्या बाजारातला वास इथवर यायचं काही कारण नाही. मध्ये खाडी आहे, डोंगर आहे आणि आता तर डोक्यावरून विमानंही जातात. तरी दरवर्षी या दिवसांत आबांचा फोन येतो आणि पाठोपाठ तो वासही येतो.

"रविवारी बसायचंय," आबा म्हणाले. "येतीयास न्हवं?"

आमच्याकडे 'बसायचं' म्हणजे नंबर लावायला बसायचं. कुणाला वाटेल आंब्यांचे. आंबे असतातच समोर, पण नंबर लागतात ते बॉक्सरांचे.

आबा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडून आले आणि जन्मभर फळबाजारात माथाडी म्हणून पेट्या उतरवल्या. संध्याकाळी मात्र ते सानपाड्याच्या हॉलवर जायचे. रुळांच्या कडेचा तो हॉल सकाळी योगासनांचा असतो, लग्नसराईत जेवणावळींचा असतो आणि संध्याकाळी बॉक्सिंगचा असतो. भिंतीला कायम कुणाच्या तरी हळदीच्या हातांचे ठसे आणि खुंटीला घामेजलेले ग्लोव्हज. तिथं बाजारातले हमाल यायचे, न्हावा शेव्याच्या बंदरातली पोरं यायची, आसपासच्या जुन्या गावांतले आगरी यायचे, आणि आईने अभ्यासाला बसवलेली सोसायटीतली मुलं गॅलरीतून उतरून यायची. हापूसचा सीझन संपत आला, पेट्यांचा भार कमी झाला की या सगळ्यांनी एका रविवारी हॉलवर जमायचं, उरलेले आंबे कापायचे आणि या हॉलमध्ये आजवर खेळलेल्यांत सगळ्यांत मोठा बॉक्सर कोण यावरून घसा बसेपर्यंत भांडायचं, अशी जुनी रीत आहे.

भांडण सोपं नाही. पीटर हेवीवेट, बंदर नवं होतं तेव्हाचा. सदा एक्कावन्न किलोचा, पीटरने खेळणं सोडलं त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेला. इरफान आत्ताचा, मधल्या वजनाचा. ही माणसं एकमेकांसमोर कधी उभीच राहिली नाहीत, राहूही शकली नसती. पीटर आणि सदा एका रिंगमध्ये म्हणजे कपाट आणि त्याची किल्ली. नवी पोरं मोबाइलवर परदेशातल्या जगज्जेत्यांच्या लढती दाखवत हाच वाद घालतात, की वजन काढून टाकलं तर कोण मोठा, काळ्यापांढऱ्या चित्रातला तो जुना आजच्या या रंगीत गड्यापुढे किती राउंड टिकला असता. तिकडे तज्ज्ञ बसून हे ठरवतात म्हणे. तेही शेवटी आपल्या तारुण्यात पाहिलेल्यालाच पहिला नंबर देत असणार, असा माझा दाट संशय आहे.

आमच्याकडे पूर्वी हेच व्हायचं. जाड्या माणसाला जाड्यांचाच पुळका आणि किरकोळांना किरकोळांचा. मग जनूकाकांनी एक नियम घालून दिला. जनूकाका तुर्भ्याच्या जुन्या गावातले आगरी, स्वतः हेवीवेट. अजूनही दारातून येताना जरा तिरके होतात. ते म्हणाले, "ज्याचा ठोसा तू खाल्लास, त्याचाच बोल. आयकीव गोष्टी नको. कोनाचा लागला नाय त्याला नंबर नाय."

नियम झकास होता. पण त्यामुळे सगळ्यांची तोंडंच बंद झाली. जनूकाकांनी पीटरचा ठोसा खाल्लेला, पण इरफानचा नाही. इरफानच्या मित्रांनी सदाला पाहिलेलंच नाही. मग सगळे हळूहळू माना वळवून कोपऱ्यात आंबा पिळत बसलेल्या आबांकडे बघायला लागले.

कारण आबांनी सगळ्यांचे खाल्ले होते.

आबा बॉक्सर म्हणून मोठे नव्हते. पायांत चपळाई नाही आणि हात आखूड. पण ते पडत नसत. दिवसभर पाठीवर पेट्या घेणाऱ्या माणसाला उभं राहायची सवय असते. त्यामुळे ज्याला सराव हवा त्याच्यापुढे आबांना उभं करायचे. हलक्यांना जोर कळावा म्हणून आबा, जाड्यांना दम कळावा म्हणूनही आबाच. कुणाचीही निवड जवळ आली की बाजारातून सांगावा जायचा. पंचवीसेक वर्षं त्यांनी हे केलं, आणि शेवटचे ठोसे खाल्ले ते इरफानचे, पन्नाशी उलटल्यावर. कपाटात एकही मेडल नसलेला हा माणूस अशा रीतीने त्या हॉलचा वजनकाटा होऊन बसला.

"पीटरचा कसा होता?" कुणीतरी विचारायचं.

"ट्रकाचा फाळका निसटून अंगावर आल्यागत. पर यायच्या आधी आवाज करायचा."

"आणि सदाचा?"

"सदाचा दिसायचा न्हाय. लागल्यावर कळायचा."

"आणि माझा?" इरफान लाडात येऊन विचारायचा.

"तू ग्वाड मारतुयास. पर दमलास की सांगून मारतुयास."

एकदा मी वकिली केली. म्हटलं, "आबा, पीटरचा तुम्ही पंचविशीत खाल्ला आणि इरफानचा पन्नाशीनंतर. काटाच जुना झाला, त्याचं काय?" आबांनी कोय बाजूला ठेवली आणि गंभीरपणे सांगितलं, "म्हणून तर इरफानला दोन घरं खाली धरतुय. म्हातारपणी सगळंच जोरात लागतं."

हे उत्तर मला अनेकदा आठवतं. ऑफिसात जुना साहेब बरा की नवा, आमच्या वेळच्या परीक्षा कठीण की आताच्या, असल्या चर्चा निघाल्या की आठवतं. आपण काळांची तुलना करतो, पण आपणही मधल्या काळात झिजलोय हे धरत नाही. बाजारात देवगडचा आंबा मार्चात येतो आणि जुन्नरचा जूनच्या तोंडावर. दोघे एका पेटीत कधीच भेटत नाहीत. तरी व्यापारी बेधडक सांगतो, हा सरस. तो सांगतो ते जिभेच्या आठवणीवर. आंबा वरून कितीही देखणा असला तरी आत साका, म्हणजे गरातली ती पांढरी गाठ, आहे की नाही हे कापल्याशिवाय कळत नाही, आणि बॉक्सरचं तर त्याने मारल्याशिवाय काहीच कळत नाही.

मला मात्र हा वास आला की एकच मे महिना आठवतो. मी एकोणीस वर्षांची होते तो.

मी बॉक्सिंग करत होते. आता सांगितलं तर ऑफिसातले हसतात, कारण मी न्हावा शेव्याच्या एका एजंटाकडे कंटेनरच्या कागदपत्रांचं काम करते आणि स्टेपलरची पिन नीट बसली नाही तरी वैतागते. पण त्या मे महिन्यात राज्याच्या संघाची निवड होती, आणि अठ्ठेचाळीस किलोत माझं नाव होतं. अठ्ठेचाळीस किलोत बसायचं म्हणजे आंबा खायचा नाही. ज्या घरात पलंगाखाली आंबे, कपाटावर आंबे, तांदळाच्या डब्यात आंबे, त्या घरात मी काकडी खात होते. आई आंबे कापायला शेजारणीकडे जायची आणि हात धुऊन परत यायची, तरी तिच्या बांगड्यांना वास असायचा. मला रडू यायचं. हॉलवर सुटका व्हावी तर तिथली मारायची बॅग आबांनीच भरलेली, आंब्याच्या पेट्यांतलं गवत दाबून दाबून. प्रत्येक ठोशागणिक तिच्यातून हापूस बाहेर यायचा. दुपारी मी बाजारात जायचे आणि कलिंगडाच्या गाळ्यावरच्या काट्यावर उभी राहायचे. गाळेवाला मान वाकडी करून आकडा बघायचा आणि म्हणायचा, "अजून एक फोड कमी कर."

हॉलवर माझ्या वजनाची दुसरी मुलगी नव्हती. मुलगे माझ्यापुढे उभे राहायला लाजत, किंवा उभे राहिले तर हळूच मारत, जे जास्त अपमानाचं. मग माझ्यापुढे कोण उभं राहणार? जे सगळ्यांपुढे उभे राहायचे तेच. भल्या पहाटेपासून गाड्या खाली करून, डोळे लाल झालेले आबा संध्याकाळी ग्लोव्हज चढवायचे आणि म्हणायचे, "ये. मार."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी नवी नवी हॉलवर जाऊ लागले होते तेव्हा बंदरातला एक आडदांड मुलगा आबांबरोबर सराव करत होता. त्याचा हात आबांच्या कानामागे बसला. आबा पडले नाहीत. हसले, "चांगला हुता" म्हणाले आणि रिकाम्या पेट्यांवर जाऊन टेकले. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी हात लांब केला तो बाटलीच्या शेजारी. हवेत काहीतरी पकडलं, परत सोडलं, मग बाटली सापडली. कुणाचं लक्ष नव्हतं. मी पाहिलं.

त्यानंतर आबा माझ्यापुढे उभे राहिले आणि "मार" म्हणाले, तेव्हा माझा हात गेला आणि पोचता पोचता थांबला. मी ठरवून काही केलं नाही. हातानेच केलं. ग्लोव्ह टेकायचा, टप् आवाज यायचा आणि मागे यायचा. वेग माझा चांगला होता, त्यामुळे बघणाऱ्यांना वाटायचं पोरगी काय सपासप मारते. काही वर्षं मी रोज संध्याकाळी हाच सराव केला, पूर्ण वेगाने जायचं आणि टेकलं की थांबायचं. बापाला लेकीपुढे सरावाला उभं करणं ही चूक आमच्यासारख्याच घरात होऊ शकते, आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

निवडीच्या लढतीत माझा प्रत्येक ठोसा पोचला. पोचला आणि थांबला. समोरची मुलगी लांब हातांची, विदर्भातली, हसऱ्या चेहऱ्याची. गुणांवर ती जिंकली. नंतर तिने मला मिठी मारली आणि अगदी मनापासून म्हणाली, "किती छान खेळतेस गं तू! काही लागलंच नाही बघ."

त्याच आठवड्यात नंबर लावायला बसले. मी कोपऱ्यात होते. जनूकाकांना माझी दया आली असणार. ते म्हणाले, "आपल्या शितलला कुठं बसवाची? लई खालती नको बसवू, सांगून ठेवतो." सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा आंब्याचं साल काढत होते. मान वर न करता ते म्हणाले, "हिचा मी खाल्ला न्हाय."

एवढंच. जनूकाकांनी विषय बदलला. वजनाची आता काही अडचण नव्हती, तरी त्या दिवशी मी आंब्याला हात लावला नाही.

मला वाटलं, आबा म्हणतायत की पोरीच्या हातात जोरच नाही. हरल्याचं दुःख मी पचवलं असतं. हरलेल्यालासुद्धा खालचा का होईना, नंबर असतो. मला नंबरच नव्हता. मी बॉक्सिंग सोडलं, पदवी घेतली, नोकरी धरली, लग्न केलं, उलव्याला आले. बाहेरून सगळं ठीक. पण दर मे अखेरीला ती मंडळी बसायची, पीटर एक घर वर जायचा, इरफान एक घर खाली यायचा, आणि माझ्यापाशी आले की नियमाप्रमाणे पुढे सरकायचे. मला जगातल्या कुठल्या तज्ज्ञाचा नंबर नको होता. या एका माणसाचा हवा होता. हे मी नवऱ्यालाही कधी बोलून दाखवलं नाही, कारण बोलल्यावर ते फारच बालिश वाटलं असतं.

या रविवारी मी लवकर पोचले. हॉलच्या दारात आता मुलींच्या चपला दिसतात, इरफान त्यांना शिकवतो. ते बघून छान वाटतं, आणि जरा जळफळाटही होतो. आत फक्त आबा होते, खुर्चीवर, मांडीवर एक जाड पट्टा घेऊन. शिकवणारे पोटाला बांधतात तो. आबा आता थकलेत. सही करताना हात कापतो, आणि डॉक्टरांनी डोक्याला जपायला सांगितलंय. मी पर्स ठेवली आणि सहज मारायच्या बॅगेला दोन हात लावले. गवताचा वास आला. अजून त्याच पेट्यांतलं गवत भरतात.

"अजून थांबतुय," मागून आबा म्हणाले.

"काय?"

"हात. टेकला की थांबतुय तुझा."

मी वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"पैल्या दिवसापासनं."

"मग बोलला का नाहीत तेव्हा? माझी निवड गेली त्याच्यात."

आबा बराच वेळ पट्ट्याचं बक्कल लावत, काढत बसले. "बरं वाटायचं," ते म्हणाले. "समदी मारायची मला. बाजारात वझं, हितं ठोसं. एक हात असा हुता की यायचा आन थांबायचा. मला त्यो सोडवंना. त्यात तुझं गेलं, शितल. रागाव माझ्यावर."

मला राग येत नव्हता. इतकी वर्षं 'हिचा मी खाल्ला न्हाय' या एका वाक्याचा मी भलताच अर्थ लावून बसले होते याचं हसू येत होतं. तोवर आबा उठून उभे राहिले आणि पट्टा पोटाला बांधू लागले.

"काय करताय? डॉक्टरांनी..."

"डोस्क्याला नगं म्हणालेत. पोटाचं कुणी इचारलंय?"

"मी नाही मारणार."

"बाकी समद्यांचं नंबर लागलं. तुझा तेवढा राह्यलाय. मी गेल्याव कोण लावणार? ये."

मी ग्लोव्हज घातले. ते दुसऱ्या कुणाचे तरी होते, आतून ओले. पहिला हात गेला आणि पट्ट्याला टेकून थांबला. दुसराही थांबला. आबांनी कंबरेवर हात ठेवले. "झाली का माया करून? आता मार."

तिसरा थांबला नाही. तो टाचेपासून निघाला, कंबरेतून वळला, खांद्यातून गेला, आणि ज्या ठिकाणी तो नेहमी संपायचा त्याच्या पुढे गेला. पुढे इतकी जागा आहे हे मला माहीतच नव्हतं. आबांच्या तोंडातून "हूं" असा आवाज आला आणि ते दोन पावलं मागे जाऊन बाकावर बसले. मी धावले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. तोंडाने श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. मी पाण्याची बाटली पुढे केली. आबांनी हात लांब केला आणि बाटली पहिल्याच खेपेला नीट पकडली.

मग मंडळी जमली. जनूकाका तिरके होऊन दारातून आले, इरफान पेटी घेऊन आला, आंबे कापले गेले. पीटर आणि सदावरून नेहमीची हमरीतुमरी झाली. एका पोराने मोबाइलवरचा परदेशी जगज्जेता मध्ये घुसवायचा प्रयत्न केला, त्याला जनूकाकांनी "तुना खाल्लास का त्याचा?" एवढंच विचारून गप्प केलं. सगळं आटोपत आल्यावर आबा घसा खाकरून म्हणाले, "एक राह्यलंय. शितलला सदाच्या खाली बसवा. इरफानच्या वर."

इरफान ओरडला, "काय आबा! टू मच हा! मी आजपण खेळतोय."

"आनि तू हिचा कवा खाल्लास?" जनूकाकांनी आबांकडे बघत डोळे बारीक केले. "बाप हायस म्हनून वरती चढवतोस काय?"

आबांनी शर्ट वर केला. बरगड्यांच्या खाली लालसर वळ उठला होता, पट्ट्यातूनसुद्धा. जनूकाका वाकून बघत राहिले.

"बाप म्हणून लावला असता," आबा शर्ट खाली सोडत म्हणाले, "तर सदाच्या वर लावला असता."

इरफानने तोंड वाकडं केलं आणि मग स्वतःच उठून पेटीतला सगळ्यांत मोठा आंबा माझ्या हातात ठेवला. मी तो पिळला, देठाकडून तोंडाला लावला. रस कोपरापर्यंत ओघळला. मला इतका आनंद झाला होता की रडायला हवं होतं, पण डोक्यात भलतंच घोळत होतं.

"आबा," मी विचारलं, "सदाच्या खाली का पण?"

"सदाचा दिसायचा न्हाय," आबा म्हणाले. "तुझा येताना दिसला मला. इतकी वर्सं वाट बघत हुतो, दिसणारच की."